पुण्यातल्या परसबागेत जवळजवळ लावलेली फळझाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडे सहा-सहा फुटांवर लावली तर फळे येतात का? सगळीकडे तर वीस-तीस फूट अंतर सांगतात.

येतात. फळ धरायला झाडाची उंची लागत नाही, ऊन खाल्लेली पक्व फांदी लागते. वीस-तीस फुटांची जुनी अंतरे न छाटता मोकळ्या वाढणाऱ्या झाडांसाठी आहेत. अतिघन लागवडीत पेरू २ × १ मीटरवर लावतात, आणि ‘आम्रपाली’ आंब्याची शिफारसच २.५ × २.५ मीटरची आहे. मात्र या पद्धतीत छाटणी टाळता येत नाही. वर्षातून दोनदा सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घ्यायची तयारी नसेल, तर सहा झाडांच्या जागी दोनच लावा. न छाटलेली दाट बाग चौथ्या वर्षी नुसती सावली देते.

झाडामागे फळे कमी मिळतात, हे खरे. पण घराला एका आठवड्यात पाचशे आंबे नको असतात. मे-जूनमध्ये आंबा, ऑगस्टपासून सीताफळ, थंडीत पेरू, उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजीर आणि मधूनमधून लिंबू, असे ताट भरत राहिले पाहिजे. दाट लागवड करायची ती त्यासाठी.

नेमके अंतर किती ठेवायचे?

ओळीत दोन झाडांमध्ये ६ फूट, दोन ओळींमध्ये ८ फूट, आणि कुंपणाच्या भिंतीपासून साडेतीन ते चार फूट. २० × १५ फुटांच्या जागेत या मापाने तीन-तीनच्या दोन ओळी, म्हणजे सहा कायमची झाडे बसतात. ओळींमधले ८ फूट कमी करू नका. डेरे वाढल्यावर मधे जेमतेम दोन-तीन फुटांची वाट उरते, आणि शिडी, घमेले व माणूस तिथूनच जाणार असतात.

पहिली दोन-अडीच वर्षे मोकळ्या जागेत पपई लावता येते. तिसऱ्या वर्षी ती काढायची हे मात्र लावतानाच ठरवा. अंजीर पाण्याच्या टाकीपासून, ड्रेनेजच्या पाइपपासून आणि सेप्टिक टँकपासून किमान १० फूट लांब हवे, कारण त्याची मुळे ओलावा शोधत फटींत शिरतात.

एकाच खड्ड्यात दोन-तीन झाडे लावली तर?

एकाच जातकुळीची असतील तर चालते. ‘केसर’ आणि ‘आम्रपाली’ दीड-दोन फुटांवर लावले, तर दोघांना पाणी, ताण (फुलोऱ्यासाठी काही काळ पाणी तोडणे) आणि खत एकाच वेळी लागते. केसर मेअखेर-जूनमध्ये आणि आम्रपाली जुलैकडे येत असल्याने हंगामही लांबतो. अशा जोडीत आतल्या बाजूच्या, एकमेकांकडे जाणाऱ्या फांद्या पहिल्या वर्षापासून काढायच्या आणि दोन्ही झाडे मिळून एक डेरा धरायचा. आम्रपाली मुळात ठेंगणी असल्याने केसर तिला दाबतो. म्हणून छाटताना कात्री केसरवर जास्त चालवा.

आंब्यासोबत केळ किंवा सीताफळासोबत चिकू एका खड्ड्यात घालू नका. एकाला पाणी हवे तेव्हा दुसऱ्याला कोरडे राहायचे असते.

कोणती झाडे शेजारी-शेजारी लावावीत?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक झाडाचा आकार बघून शेजार ठरवतात. तो छाटणीने बदलता येतो, पण पाण्याचा ताण कधी लागतो ते बदलता येत नाही. म्हणून आधी बागेचे पाणी दोन व्हॉल्व्हवर विभागा आणि मग झाडे वाटा.

पहिल्या व्हॉल्व्हवर आंबा, सीताफळ आणि आंबे बहाराचे (जानेवारी-फेब्रुवारीत फुलवायचे) डाळिंब. पाऊस संपला की ऑक्टोबर ते डिसेंबर या तिघांनाही पाणी नको असते. आंब्याला त्या काळात पाणी दिले तर मोहोराऐवजी पालवी फुटते. डाळिंबाला ताण मिळाला नाही तर पाने गळत नाहीत आणि फुले एकदम न येता वर्षभर तुरळक येत राहतात.

दुसऱ्या व्हॉल्व्हवर चिकू, केळी, लिंबू आणि अंजीर. अंजीर इथे का? मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारे पीक, धरायचा तर पावसाळा संपताना त्याला थोडी विश्रांती देऊन सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये छाटतात आणि पुढे थंडीभर पाणी देतात. आंबा कोरडा ठेवायचा तेव्हा अंजीर ओले हवे, त्यामुळे या दोघांना शेजारी लावले की एकाचे नुकसान ठरलेलेच.

पेरू कुठेही चालतो. मोठ्या बागांत त्यालाही ताण देतात, पण परसात हेच काम छाटणीने होते.

पहिली तीन वर्षे कोणत्याच झाडाला ताण द्यायचा नाही. तोवर त्याची चौकट आणि मुळे तयार होत असतात.

कोणत्या जाती निवडाव्यात?

आंब्यात केसर किंवा आम्रपाली. पुण्यात हापूसचा हट्ट धरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तो वर्षाआड फळतो, फळात साका (गरात पांढरट, आंबट भाग) होतो, आणि कोकणातली चव इथे उतरत नाही. हापूसची आठवण हवीच असेल, तर नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘रत्ना’ लावा.

पेरूत ‘सरदार’, म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचे असले तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रातली आहे. ‘गणेश’ डाळिंबही तिथलेच. आज बाजारात चालते ते ‘भगवा’, आणि घरालाही तेच आवडते. अंजिरात ‘पूना’, सीताफळात ‘बाळानगर’ किंवा ‘फुले पुरंदर’, लिंबात ‘साई सरबती’, चिकूत ‘कालीपत्ती’. अंजीर आणि सीताफळ पुरंदर तालुक्याची, सासवडकडची पिके आहेत, त्यामुळे पुण्याची हवा त्यांना मानवते.

फणस, जांभूळ, चिंच या पद्धतीत नको. नारळाला एकच शेंडा असतो, तो छाटला की झाड मेले. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना लागते तेवढी थंडी पुण्यात पडत नाही.

ऊन किती लागते? इमारतीच्या सावलीचे काय?

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन. बहुतेक जण मे महिन्यात जागा बघतात आणि फसतात. मेमध्ये पुण्यात भर दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावली नावालाच पडते. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य दुपारीही फक्त ४८ अंशांवर असतो. तेव्हा १० फूट भिंतीची सावली उत्तरेला ९ फूट पडते, आणि तीन मजली इमारत असेल तर आख्खे परस झाकले जाते. जागा डिसेंबरमध्ये पाहा, नाहीतर या हिशोबाने सावली जमिनीवर आखून घ्या.

उंच ठेवायची झाडे उत्तरेला, ठेंगणी दक्षिणेला. सीताफळाची पाने हिवाळ्याच्या शेवटी गळतात, त्यामुळे ते दक्षिणेला असले तरी त्या दिवसांत मागच्या झाडाचे ऊन फारसे अडवत नाही. चिकू वर्षभर गच्च हिरवा असतो. त्याला उत्तरेचा कोपरा द्या.

आमच्याकडे काळी माती आहे. बंगल्याच्या बाजूला मुरूम आणि राडारोडाही आहे. खड्डा कसा भरायचा?

आधी निचरा तपासा. दीड फूट खोल खड्डा काढून पाण्याने भरा, जिरू द्या, आणि लगेच दुसऱ्यांदा भरा. दुसरे पाणी पाच-सहा तासांत गेले तर उत्तम. बारा तासांनंतरही उभे असेल तर तिथे खड्डा करू नका. काळ्या मातीत केलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. त्यात मुळे गुदमरतात, लिंबाला डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागतो आणि पपई आठवड्यात बुडापासून सडते. अशा जागी जमिनीवर दीड फूट उंच आणि तीन-चार फूट रुंद गादीवाफा करून त्यावर लावा.

निचरा बरा असेल तर २ × २ × २ फुटांचा खड्डा एप्रिल-मेमध्ये काढून तापू द्या. सिमेंटचे गोळे, विटा, प्लॅस्टरचे तुकडे वेचून बाहेर टाका. ते चुना सोडत राहतात, आणि मग पाने पिवळी का पडतात हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे छळतो. भरताना दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घ्या. त्यात १ किलो निंबोळी पेंड, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळांचे रोग रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. नुसत्या मुरमाच्या जागी मुरूम घालू नका, बाहेरची माती आणा. खड्डा जमिनीच्या वर चार-पाच इंच येईल इतका भरा. पहिल्या पावसात तो तेवढा बसतो.

रोप घेताना काय बघायचे?

हडपसर ते उरुळी कांचन पट्ट्यात रोपवाटिकांची कमतरता नाही. उंच रोपाचा मोह टाळा. पाच फुटी, खाली फांदी नसलेल्या कलमापेक्षा दोन-अडीच फुटी, अंगठ्याच्या निम्म्या जाडीचे कलम या पद्धतीला चांगले, कारण पहिल्या फांद्या आपल्याला गुडघ्याच्या थोड्या वर हव्या असतात. पिशवीच्या बुडाला मुळांचे वेटोळे झालेले रोप परत ठेवा.

आंब्याचे कलम रायवळ (कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या) खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, असते. कलमाच्या जोडाखालून आलेला प्रत्येक फुटवा रायवळ असतो, तो दिसताक्षणी मोडा. राहिला तर दोन वर्षांत तोच झाड होतो आणि केसर वाळून जातो. पेरू व डाळिंबाची गुटी कलमे (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेली) आणि अंजिराची छाट कलमे (काडी मातीत लावून केलेली) यांना खुंट नसतो, त्यामुळे तिथे ही काळजी नाही.

लागवड कधी आणि कशी?

जूनमध्ये दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर. पिशवी कापून मातीचा गड्डा न फोडता ठेवा. जोड जमिनीच्या किमान सहा इंच वर राहू द्या, माती पायाने दाबा आणि काठीचा आधार द्या. खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा करून आळे त्याच्या बाहेर काढा, म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही. लिंबासाठी हे दुहेरी आळे सक्तीचेच समजा.

लावल्याबरोबर शेंडा कापायला सांगतात. जीव होत नाही. गरज आहे का?

आहे, आणि हाच काप पुढची वीस वर्षे ठरवतो. पेरू, सीताफळ, अंजीर आणि चांगली पालवी धरलेला आंबा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर कापा. खालून पाच-सहा फुटवे येतील. त्यातले वेगवेगळ्या दिशांना जाणारे, खोडावर एकमेकांपासून चार-सहा बोटे अंतरावरचे तीन किंवा चार ठेवा. ते दीड-दोन फुटांचे झाले की त्यांचेही शेंडे मारा. तिसऱ्या वर्षाअखेर दहा-बारा फांद्यांचा, मधे मोकळा, वाडग्यासारखा डेरा तयार होतो. शेंडा न मारलेल्या झाडाची पहिली फांदी पाच फुटांवर येते, आणि मग त्याला सात फुटांत बसवणे अशक्य होते.

डाळिंबाला एक खोड ठेवू नका, तीन-चार खोडे ठेवा. खोडकिड्याने एक गेले तरी झाड राहते.

कोणते झाड कधी छाटायचे?

सगळ्यांसाठी कमाल उंची सात फूट धरा, म्हणजे उभ्याने हात वर केला की शेंडा हाती यावा. वेळा मात्र वेगवेगळ्या, आणि वेळ चुकली की त्या वर्षीचे फळ गेले.

आंबा: शेवटचे फळ उतरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत, केसर जून ते मध्य जुलै. मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. जुलैत कापल्यावर येणाऱ्या पालवीला पिकायला चार-पाच महिने मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापले तर डिसेंबरात काडी कोवळीच राहते आणि त्या फांदीवर मोहोर येत नाही. आम्रपाली उशिरा उतरते, म्हणून तिची छाटणी लगेच आणि हलकी करा.

पेरू: मेमध्ये, चालू वर्षाच्या काड्या निम्म्या कापा. पेरूला नव्या फुटीवर फुले येतात. जून-जुलैत कळी धरते आणि फळ नोव्हेंबर ते जानेवारीत, थंडीतले गोड, येते. पावसाळ्यातले फळ पाणचट असते आणि फळमाशीने किडते. ते ठेवण्यात अर्थ नाही.

सीताफळ: पानगळ झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. फांद्या एक तृतीयांश आखूड करा, आत शिरलेल्या काढा.

डाळिंब: ताण पूर्ण झाल्यावर डिसेंबरअखेर-जानेवारीत, हलकेच. फळे बाहेरच्या काड्यांच्या टोकांना लागतात, त्यामुळे कुंपणासारखे सपाट कातरले तर फळच कापले जाते. बुंध्याजवळचे सरळ उभे जोमदार वॉटरशूट मात्र वर्षभर काढत राहा.

अंजीर: सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर. चीक कातडीला झोंबतो, हातमोजे घाला.

लिंबू आणि चिकू: फक्त वाळलेल्या, आडव्या घासणाऱ्या आणि उंचीबाहेरच्या फांद्या. लिंबू पावसात कापू नका, ओल्या जखमेतून खैऱ्या (खरबरीत डाग पाडणारा रोग) पसरतो.

याखेरीज ऑगस्टअखेर एक फेरी सगळ्या बागेवर मारा. दोन डेऱ्यांमध्ये एक वीत मोकळी जागा दिसली पाहिजे. शेजारच्या झाडाच्या अंगावर जाणारी फांदी मधेच तोडू नका, आतल्या जोडाशी मुळातून काढा. मधे तोडलेल्या फांदीला त्याच जागी चार फुटवे येतात आणि गर्दी वाढते. या फेरीत आंबा आणि लिंबू सोडून द्या.

अंगठ्याहून जाड प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. लोखंडी पाते मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. पेस्ट त्याच दिवशी वापरा. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सिकेटर स्पिरिटने पुसा.

पाणी किती द्यायचे?

दोन मीटर रुंद डेऱ्याखाली सुमारे ३ चौरस मीटर जागा असते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये अशा झाडाला रोज १२ ते १५ लिटर पुरते, थंडीत ५-६ लिटर. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर उन्हाळ्यात पावणेदोन तास, थंडीत पाऊण तास. ड्रिपर खोडाशी नकोत, डेऱ्याच्या कडेखाली हवेत. मातीवर चार इंच पालापाचोळा अंथरा आणि खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा.

पाइपने डोक्यावरून पाणी मारायची सवय सोडा. डाळिंबाचा तेल्या (डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) उडणाऱ्या थेंबांबरोबर पानापानावर जातो. वॉशिंग मशिनचे पाणी लिंबाला आणि आंब्याला घालू नका, साबणातल्या क्षारांनी पानांच्या कडा जळतात.

खत?

जूनमध्ये झाडामागे एक घमेले कुजलेले शेणखत, १ किलो निंबोळी पेंड, आणि तीन वर्षांपुढच्या झाडाला पाव किलो १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे मिश्र खत). युरियाचा हात आखडता ठेवा. दाट बागेत त्याने फक्त कापायचे काम वाढते.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. काय झाले?

लोहाची कमतरता. बोअरचे जड पाणी किंवा चुनखडीची जमीन असली की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लिंबू आणि पेरूवर आधी दिसते. चिलेटेड (झाडाला सहज घेता येणारे) लोह १ ग्रॅम प्रति लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा संध्याकाळी फवारा आणि शेणखत वाढवा. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर ते नत्राचे किंवा साचलेल्या पाण्याचे लक्षण आहे. तिथे लोह फवारून उपयोग नाही.

दाट लागवडीत कीड जास्त येते का?

हवा खेळत नसेल तर येते. पिठ्या ढेकूण (पांढरी पिठाळ, रस शोषणारी कीड) सीताफळावरून पेरूवर मुंग्याच वाहून नेतात. म्हणून आधी मुंग्या थांबवा. खोडाला फूटभर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. जमिनीला टेकलेल्या फांद्या काढल्या नाहीत तर मुंग्या तिथून चढतात आणि पट्टी वाया जाते. ढेकूण दिसलेच तर कडुनिंबाचे तेल ५ मिली आणि द्रवसाबण १ मिली प्रति लिटर, पानांच्या खालून फवारा.

फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचा सापळा डोक्याच्या उंचीवर टांगा. तो फक्त नर मारतो, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. पडलेले प्रत्येक फळ रोज उचलून पाण्याच्या बादलीत बुडवा आणि पेरू लिंबाएवढा झाला की कागदी पिशवी बांधा.

सीताफळाला फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही.

त्याच फुलात स्त्री अवस्था आधी येते आणि पराग नंतर सुटतात. हे काम करणारे बारीक भुंगेरे शहरात कमी असतात. पूर्ण उमललेल्या फुलातले पराग बारीक ब्रशने काचेच्या छोट्या बाटलीत गोळा करा आणि सकाळी सहा ते आठमध्ये, पाकळ्या जेमतेम विलगलेल्या फुलांच्या आत ब्रश हलक्या हाताने फिरवा. पराग त्याच दिवशी वापरा. मे-जूनमध्ये रोज दहा फुलांना केले तरी फरक दिसतो. हवा कोरडी असताना झाडाखालचा पाचोळा ओला ठेवा, त्यानेही फूलगळ कमी होते.

आंब्याला कल्टार द्यावे का?

परसात नको. कल्टार म्हणजे वाढ रोखून मोहोर आणणारे पॅक्लोब्युट्राझोल. ते मातीत दीर्घकाळ टिकते. सहा फुटांवर शेजारची मुळे त्याच मातीत असतात, आणि ज्याला दिलेच नाही त्या लिंबाची वाढ खुंटते.

झाडे आधीच पंधरा फूट झाली आहेत. आता खाली आणता येतील का?

पेरू, अंजीर, सीताफळ आणि आंबा येतात, पण तीन वर्षांत. पहिल्या वर्षी मधली सर्वांत उंच फांदी काढा, म्हणजे ऊन आत जाईल आणि खालून फुटवे येतील. पुढची दोन वर्षे उरलेल्या उंच फांद्या निम्म्या-निम्म्याने कमी करा. एकदम सगळे कापले तर उघडी पडलेली साल एप्रिलच्या उन्हात भाजते आणि तिथे खोडकिडा शिरतो. उघड्या फांद्यांना चुन्याचा हात द्या. जाड फांदी आधी खालून एक तृतीयांश कापा, मग थोडे पुढे सरकून वरून, म्हणजे साल सोलून निघत नाही.

एवढी मोठी छाटणी किंवा झाड काढणे हाती घेण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. आंब्यासाठी हा अर्ज एप्रिलमध्येच केलेला बरा, म्हणजे फळ उतरेपर्यंत परवानगी हातात असते आणि जुलैची वेळ चुकत नाही.